पावसातला ब्रेक उशिरा का लागतो?

भर पावसात उतारावर सायकलचा ब्रेक दाबला की एक जीवघेणा क्षण येतो. लिव्हर पूर्ण आवळलेला असतो, रबर रिमला टेकलेलं असतं, तरी सायकल तशीच पुढे जात राहते. मग खर्रर्र आवाज होतो आणि ब्रेक एकदम धरतो. शेवटी धरला, म्हणजे ब्रेकमध्ये जोर होता. तो उशिरा लागला. हा उशीर कशामुळे होतो ते कळलं, की देखभाल करताना कुठे जास्त लक्ष द्यायचं तेही कळतं.

ओल्या रिमवर पाण्याचा पातळ थर असतो. चाक फिरताना हे पाणी रबराच्या कडेखाली ओढलं जातं आणि रबराला किंचित उचलून धरतं. यंत्राच्या बेअरिंगमध्ये तेल नेमकं हेच करतं. रिचर्ड स्ट्रिबेक या जर्मन अभियंत्याने बेअरिंगमधल्या घर्षणाची मोजमापं १९०२ साली प्रसिद्ध केली. वेग जास्त आणि दाब कमी असेल तर दोन पृष्ठभाग मधल्या थरावर तरंगतात. वेग उतरला किंवा दाब वाढला की थर फाटतो आणि पृष्ठभाग एकमेकांना भिडतात. बेअरिंगमध्ये हा थर टिकावा म्हणून सगळी खटपट असते. ब्रेकमध्ये तो जितक्या लवकर फाटेल तितकं बरं.

थोडा हिशेब करू. ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. मोठ्या सायकलच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. रिमवरचं पाणी निपटायला तीन फेरे लागले असं धरलं, तर खरा ब्रेक लागायच्या आधीच सायकल सहा मीटरच्या वर गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, याच वेगाची सायकल ब्रेक लागल्यापासून तीन-चार मीटरमध्ये थांबते. म्हणजे थांबायला जेवढं अंतर लागलं असतं, त्याच्या दीडपट-दुप्पट अंतर नुसतं पाणी पुसण्यात गेलं.

यातला दुसरा धोका फारसा कुणी सांगत नाही. ब्रेक लागत नाही म्हणून घाबरून आपण लिव्हर आणखी आवळतो. तेवढ्यात पाणी निपटतं, घर्षण परत येतं आणि आवळलेल्या हाताचा सगळा जोर एका झटक्यात चाकावर पडतो. खाली रस्ता ओला, टायरची पकड कमी. चाक जाम होऊन घसरतं. म्हणून पावसात थांबायच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलकेच टेकवून रिम पुसून घ्यावा, आणि खरखर सुरू झाली की हात किंचित सैल करावा.

रिम कशाचा आहे यानेही मोठा फरक पडतो. क्रोमचा मुलामा दिलेल्या स्टीलच्या गुळगुळीत रिमवर ओलं रबर फार वाईट धरतं. ॲल्युमिनियमचा रिम कितीतरी बरा. स्टीलचा रिम असेल तर पावसाळ्यापुरता वेग कमीच ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. डिस्क ब्रेक या बाबतीत उजवा ठरतो. डिस्क रस्त्यावरच्या चिखलापासून दूर, चाकाच्या मध्याशी असते. शिवाय १६० मिलिमीटर व्यासाच्या डिस्कने तेच चाक थांबवायला रिमच्या जवळजवळ चौपट बल लावावं लागतं, आणि तेही लहानशा पॅडवर. एवढ्या दाबाखाली पाणी टिकत नाही. चाकाच्या तुंब्यात बंद असलेल्या ड्रम ब्रेकला तर पावसाचा फारसा त्रासच नसतो.

आता रबराकडे या. चाक काढा आणि रबर उजेडात धरून नीट बघा. माझ्या सायकलच्या रबरात एकदा काळ्या पृष्ठभागावर चांदीसारखा एक ठिपका चमकत होता. सुईने उकरला तर रिममधून सोललेला ॲल्युमिनियमचा कण निघाला, मोहरीपेक्षाही लहान. पावसात वाळू रबरात रुतते, ती रिम खरवडते, खरवडलेला धातू पुन्हा रबरात रुततो आणि आणखी खरवडतो. असे कण उकरून काढायला पाच मिनिटं लागतात आणि रिमचं आयुष्य वाढतं. रबर चकचकीत, कडक झालं असेल तर पॉलिश पेपरवर घासून वरचा पापुद्रा काढा. रबरावरच्या खाचा पाणी निघून जायला वाट देतात आणि झीजही दाखवतात. त्या दिसेनाशा झाल्या की रबर बदलायचंच. बसवताना रबर पूर्णपणे रिमवर टेकलं पाहिजे. टायरला घासलं तर टायर फाटतो.

रिमच्या बाजूवरून बोट फिरवा. ती आत खोलगट लागली तर रिम पातळ झाला आहे. टायरमधल्या हवेच्या दाबाने अशी भिंत फुटू शकते, त्यामुळे तो रिम बदलण्यात चालढकल नको. रिम साबणाच्या पाण्याने धुवा. चेनला तेल घालताना एक थेंबही रिमवर किंवा डिस्कवर उडू देऊ नका. डिस्कला तर बोटही लावू नये, कारण त्वचेचा तेलकटपणा पॅडपर्यंत पोहोचतो. पॅड तेलाने भिजला असेल तर सरळ नवा घाला.

केबलचं काम झटपट होतं. आऊटरमध्ये, म्हणजे वायरवरच्या बाहेरच्या नळीत, पाणी शिरून वायर गंजली की लिव्हर जड होतो आणि हाताचा जोर वाटेतच मुरतो. लिव्हरपाशी वायरची एखादी तार तुटलेली दिसली तर वायर बदला. पूर्ण दाबल्यावर लिव्हर हँडलला टेकत असेल तर वायर ताणून घ्या.

हे सगळं झाल्यावर पुढच्या रिमवर दोन्ही बाजूंनी मगभर पाणी ओता. सायकलवर न बसता तिच्या बाजूने चालत ती पुढे ढकला आणि पुढचा ब्रेक दाबा. पुढचं चाक थांबून मागचं किंचित उचललं गेलं पाहिजे. ब्रेक दाबला तिथे आणि सायकल थांबली तिथे खडूने खूण करा. पाऊस सुरू असेपर्यंत दर दोन आठवड्यांनी हेच करा. दोन खुणांमधलं अंतर वाढलेलं दिसलं, की रबर पुन्हा उजेडात धरायची वेळ झाली.