आकडी थांबली, पण मूल एवढं चिडकं का झालं?

आकडीचं औषध सुरू झालेलं मूल तपासणीला आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘परत फिट आली का?’ ‘नाही’ म्हटलं की सगळ्यांनाच हायसं वाटतं. ‘घरी वागतोय कसा?’ हे फार कमी वेळा विचारलं जातं, आणि विचारलं नाही तर आईवडीलही सांगत नाहीत. सात वर्षांचं शांत पोर बहिणीला ओरबाडायला लागतं, पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून दप्तर भिरकावतं, रात्री झोपायला तयार नसतं. घरचे म्हणतात, आजारपणात फार लाड झाले, आता डोक्यावर बसलंय. शाळेच्या वहीत शेरा येतो, घरी फटके बसतात. या रागाचं मूळ सकाळ-संध्याकाळच्या सिरपमध्ये असू शकतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

आकडीवरच्या लेव्हेटिरासिटाम या औषधाचंच घ्या. अमेरिकेत १९९९ साली मान्यता मिळालेलं हे औषध आज मुलांना भरपूर दिलं जातं. यकृतावर फारसा भार नाही, इतर औषधांशी सहसा वाकडं नाही, एरवी चांगल्या असलेल्या मुलाच्या सारख्या रक्ततपासण्या कराव्या लागत नाहीत. डॉक्टरांची पसंती रास्तच आहे. पण ४ ते १६ वर्षांच्या मुलांवरच्या चाचण्यांत ते घेणाऱ्या सुमारे ३८ टक्के मुलांच्या वागण्यात काही ना काही त्रासदायक बदल दिसले. तुलनेसाठी औषधाविना गोळी दिलेल्या गटात हे प्रमाण सुमारे १९ टक्के होतं.

हा दुसरा आकडाही विसरू नये. आकडी येणाऱ्या मेंदूत मुळातच वागण्याच्या अडचणी जास्त असतात. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट या बेटावर मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात शाळकरी मुलांची मोठी पाहणी केली. मेंदूला दुसरी कुठली इजा नसलेल्या, फक्त आकडी येणाऱ्या मुलांपैकी सुमारे २९ टक्के मुलांना मानसिक किंवा वागण्याची अडचण होती. सर्वसाधारण मुलांत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे मूल चिडचिड करतंय म्हणून औषधालाच दोषी धरणंही घाईचं ठरेल.

मग ओळखायचं कसं? वेळेवरून. औषधामुळे येणारी चिडचिड बहुधा औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत डोकं वर काढते. ज्या मुलाला आधीपासूनच चंचलता, चिंता किंवा रागाचा त्रास आहे, त्याला धोका जास्त.

मेंदूच्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात, आणि ती रसायनं पेशीच्या टोकाशी इवल्या पिशव्यांत भरलेली असतात. या पिशव्यांवर एसव्ही२ए नावाचं प्रथिन असतं. लेव्हेटिरासिटाम त्याला चिकटतं आणि निरोपांचा भडिमार आटोक्यात येतो. औषध याच प्रथिनाला चिकटतं हे कळलं २००४ साली, म्हणजे त्याला मान्यता मिळाल्यावर सुमारे पाच वर्षांनी! असे निरोप मेंदूभर चालतात, भावनांना लगाम घालणाऱ्या भागांतही. औषध तेवढं फिटेचं केंद्र निवडून काम करत नाही. तरी काही मुलंच का चिडतात, याचं नेमकं कोडं अजून सुटलेलं नाही.

फेनोबार्बिटोन हे जुनं औषध, १९१२ पासूनचं. स्वस्त, म्हणून आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत अजून टिकून आहे. मोठ्यांना त्याने गुंगी येते, तर काही मुलं उलट चेकाळतात, एका जागी बसत नाहीत. तापात फिट येणाऱ्या लहानग्यांवरचा एक अमेरिकी अभ्यास १९९० साली आला. दोन वर्षं हे औषध दिलेल्या गटाचा बुद्ध्यांक तुलनेच्या गटापेक्षा सरासरी ८ गुणांनी कमी भरला. मात्र पश्चिम बंगालच्या खेड्यांतल्या ९४ मुलांवर फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन हे आकडीचं दुसरं औषध ताडून पाहिलं तेव्हा वागण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. तो अभ्यास १९९८ सालचा. जिथे महागडं औषध परवडत नाही, तिथे हा निष्कर्ष मोलाचा आहे.

आकडीच्या इतर औषधांचंही असंच: व्हॅल्प्रोएटमुळे काही मुलांचं लक्ष लागत नाही, टोपिरामेटमुळे काहींना शब्द पटकन आठवत नाहीत, क्लोबाझॅमनेही काही मुलं आक्रमक होतात.

माझं आग्रहाचं सांगणं एकच आहे. औषधाचा पहिला डोस देण्याआधी मूल कसं वागतं, झोपतं, अभ्यासाला बसतं, ते एका वहीत लिहून ठेवा. पुढे त्याच वहीत नोंदी करा: ‘मंगळवार, डोस वाढवून पाचवा दिवस. जेवताना ताट फेकलं. बराच वेळ रडला. मग म्हणाला, मला असं करायचं नव्हतं.’ अशा चार नोंदी दाखवल्यात तर ‘हल्ली फार त्रास देतो’ या तक्रारीपेक्षा डॉक्टरांना खूप जास्त कळतं. डोस कमी करणं, हळूहळू वाढवणं, दुसऱ्या औषधावर जाणं, असे मार्ग त्यांच्याकडे असतात. लेव्हेटिरासिटामसोबत बी६ जीवनसत्त्व देऊन काही मुलांची चिडचिड कमी झाल्याचं दिसलं आहे, पण पुरावा अजून कच्चा आहे. शिवाय बी६ जास्त झालं तर नसांना इजा होते, त्यामुळे ते दुकानातून परस्पर आणून देऊ नका.

आणि औषध आपल्या मनाने कधीही एकदम बंद करू नका. तसं केल्यास थांबता न थांबणारी फिट येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. मूल मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या गोष्टी बोलू लागलं, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

औषध बदलल्यावर बहुतेक मुलांचा राग काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. तोवर वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या. औषध कोणतं, डोस कधी बदलला आणि वर्गात काय दिसलं तर कळवायचं, एवढं एका चिठ्ठीवर लिहून दिलं तरी पुरतं.