जांघेतील अंतर्गळाचे प्रतिमामापन

जांघेतील अंतर्गळाच्या (हर्नियाच्या) शस्त्रक्रियेआधी सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआयच्या साहाय्याने पोटाच्या भिंतीतील छिद्राची रुंदी, त्यातून बाहेर आलेल्या पोटाच्या आतील आवरणाच्या पिशवीचा आकार आणि आसपासच्या रक्तवाहिन्या व हाडांपासूनची अंतरे मोजण्याच्या पद्धतीस प्रतिमामापन म्हणतात. फुगवटा डोळ्यांना दिसत असेल आणि हाताला लागत असेल, तर निदानासाठी प्रतिमेची सहसा गरज नसते. दुखणे आहे पण फुगवटा सापडत नाही, आधीच्या शस्त्रक्रियेनंतर अंतर्गळ पुन्हा उद्भवला आहे किंवा तो अतिशय मोठा आहे, अशा वेळी मात्र मापन खरोखर उपयोगी पडते.

मापनाची मुख्य खूण म्हणजे जांघेपासून पोटाच्या पुढच्या भिंतीत वर जाणाऱ्या इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक रक्तवाहिन्या. पिशवी त्यांच्या बाहेरच्या (शरीराच्या मध्यरेषेपासून दूरच्या) बाजूने निघत असेल तर अंतर्गळ अप्रत्यक्ष, आतल्या बाजूने निघत असेल तर प्रत्यक्ष. आणि वंक्षण बंधाच्या (जांघेतील तंतुमय पट्ट्याच्या) खाली, मांडीच्या मुख्य शिरेला लागून आतल्या बाजूस ती दिसली तर तो फीमोरल (मांडीकडील) प्रकार असतो. फ्रेंच शल्यविशारद आंरी फ्रुशो यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले, की हे तिन्ही प्रकार भिंतीतील एकाच दुर्बळ क्षेत्रातून बाहेर पडतात. म्हणूनच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत केवळ एक छिद्र न बुजवता साधारण १० × १५ सेंमी. आकाराची जाळी बसवून ते संपूर्ण क्षेत्र झाकले जाते. युरोपीय हर्निया संघटनेच्या वर्गीकरणात छिद्राची रुंदी शस्त्रक्रियेच्या वेळी बोटांच्या मापाने, म्हणजे एका तर्जनीला सुमारे १.५ ते २ सेंमी. धरून नोंदवतात. सोनोग्राफीतील आकडा या मापाशी ताडून पाहता येतो, मात्र तपासणीच्या वेळी रुग्ण कोणत्या स्थितीत होता, याची नोंद आकड्यासोबत असलीच पाहिजे.

रुग्ण शांतपणे पाठीवर निजला की पिशवी पुष्कळदा पोटात परत जाते. त्यामुळे त्याला नाक-तोंड बंद करून कुंथायला किंवा खोकायला सांगतात आणि गरज पडल्यास उभे करून पुन्हा पाहतात. प्रोब (सोनोग्राफीचे त्वचेवर फिरवायचे उपकरण) त्वचेवर जोराने दाबला तर लहान अंतर्गळ त्या दाबानेच आत सरकतो आणि पडद्यावर काहीच उरत नाही. म्हणून भरपूर जेल लावून हात हलका ठेवणे हे या तपासणीतील अर्धे कौशल्य आहे. सीटी स्कॅन बहुधा निजलेल्या अवस्थेतच होत असल्याने ही अडचण तिथेही येते, आणि काही ठिकाणी त्यासाठी रुग्णाला पालथे निजवतात.

अंडकोशात उतरलेल्या प्रचंड अंतर्गळात मोजमापाचे स्वरूप बदलते. तेथे सीटीवरून पिशवीचे आणि उदरपोकळीचे घनफळ काढून त्यांचे गुणोत्तर पाहतात. फार मोठा भाग बाहेर राहिलेला असल्यास तो एकदम आत ढकलल्याने पोटातील दाब वाढून श्वासोच्छ्‌वास अडचणीत येऊ शकतो. त्यामुळे काही रुग्णांत आधी पोटात टप्प्याटप्प्याने हवा भरून जागा वाढवली जाते.

ऊतींची बळकटी मात्र प्रतिमेतून नेमकी कळत नाही. पुण्याचे शल्यविशारद डॉ. मोहन देसर्डा यांच्या जाळीविरहित पद्धतीत पोटाच्या भिंतीतील बाह्य तिर्यक स्नायूच्या कंडरापटलाचीच (चपट्या, तंतुमय पडद्याचीच) पट्टी वापरतात, आणि ते पटल पुरेसे जाड व मजबूत आहे की नाही, हे छेद घेतल्यावर प्रत्यक्ष पाहूनच ठरते. शस्त्रक्रियेनंतरच्या मापनातही अशीच मर्यादा येते: पॉलीप्रॉपिलीनची पातळ जाळी सीटीवर बहुधा दिसत नाही, तर लोह ऑक्साइडचे कण मिसळलेल्या विशेष जाळ्या एमआरआयमध्ये दिसतात आणि त्या किती आक्रसल्या किंवा सरकल्या, हे मोजता येते.