बॉयलरचं प्रेशर पडतंय? व्हेसल गेलंय की हीट एक्स्चेंजर, आधी ते बघा

इंग्लंडात थंडी पडली की ओळखीतल्या कुणाचातरी मेसेज येतोच, बॉयलरच्या काट्याचा फोटो, काटा शून्याला टेकलेला आणि खाली प्रश्न, "नवा घ्यावा लागेल का रे?" आपण सगळे गीझरवर वाढलेलो, त्यामुळे घाबरायला होतं हे खरं. गीझरचं कसं, पाणी आलं, तापलं, बादलीत पडलं, विषय संपला. कॉम्बी बॉयलरमध्ये मात्र नळाचं पाणी वेगळं आणि रेडिएटरमध्ये फिरणारं वेगळं, आणि हे दुसरं पाणी वर्षानुवर्षं तेच तेच गोल फिरत असतं, म्हणजे प्रेशर पुन्हा पुन्हा पडत असेल तर बहुतेक वेळा पाणी कुठूनतरी बाहेर चाललंय. (रेडिएटरमधली हवा काढल्यावर एकदा पडलं तर सोडून द्या, ते पडणारच.)

आता काटा शून्यावर येण्याची दोन कारणं लोक हमखास एकात एक करतात. एक आहे एक्स्पान्शन व्हेसल, ज्याचं काम बऱ्याचदा दुरुस्तीत भागतं. दुसरं मेन हीट एक्स्चेंजर, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर रेडिएटरचं पाणी जिथे तापतं तो भाग, आणि जुन्या बॉयलरमध्ये ते फुटलं तर नव्याचाच विचार करावा लागतो.

व्हेसल म्हणजे पत्र्याचा चपटा डबा, आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. पाणी तापलं की फुगतं, पडद्याला ढकलतं, हवा दबते आणि काटा थोडासाच वर सरकतो. पण ही हवा काही वर्षांत हळूहळू कमी होते, कोपऱ्यात पडून राहिलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी, आणि मग फुगलेल्या पाण्याला जायला जागाच नसते, म्हणून हीटिंग लावल्यावर थोड्याच वेळात काटा १.२ वरून सुसाट ३ कडे जातो, ३ बारला (बार म्हणजे प्रेशरचं माप) सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी भिंतीतून बाहेर काढलेल्या तांब्याच्या नळीतून फेकलं जातं. रात्री हीटिंग बंद झालं की उरलेलं पाणी आकसतं, सकाळी काटा शून्यावर. म्हणजे खूण काय, तर काटा आधी उड्या मारतो आणि मग पडतो. बाहेर जाऊन त्या तांब्याच्या नळीखाली भिंत ओली आहे का बघा, इथल्या पावसात ते कळत नसेल तर खाली एखादा डबा ठेवा, पण नळीचं तोंड बंद करायचं नाही, काहीही झालं तरी नाही.

एक्स्चेंजरचं वागणं गुपचूप असतं. काटा उड्या मारत नाही, नुसता उतरत जातो, हीटिंग चालू असो की बंद. आणि बॉयलरखाली थेंब नाही, भिंत कोरडी, कारण आत गळणारं पाणी थेट कंडेन्सेटच्या, म्हणजे धुरातली वाफ गार होऊन झालेल्या पाण्याच्या, प्लॅस्टिकच्या पाइपातून ड्रेनमध्ये जातं. त्या पाइपातून एरवीही पाणी येतंच, कंडेन्सिंग बॉयलरचं कामच ते आहे, म्हणून बॉयलर चालू असताना तिथे पाणी दिसलं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. बॉयलर कित्येक तास बंद आहे, गार आहे आणि तरी तिथून टपकतंय, तर मात्र संशय घ्या.

अजून एक परीक्षा इंजिनिअर लोक करतात, बॉयलर बंद करून त्याच्या खालचे फ्लो आणि रिटर्नचे (रेडिएटरकडे पाणी जाण्याचे आणि परत येण्याचे) व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवतात. काटा तरीही पडला तर गळती बॉयलरमध्येच, काटा जागेवर राहिला तर घरातल्या पाइपात किंवा एखाद्या रेडिएटरला. बॉयलर लावण्याआधी ते व्हॉल्व्ह परत उघडलेत ना हे बघायचं विसरू नका.

(हीटिंग बंद असताना काटा आपोआप वर चढत असेल तर हे दोन्ही नाही, फिलिंग लूपचा, म्हणजे बाहेरचं पाणी आत भरायच्या जोडणीचा, नळ नीट बंद नाही किंवा नळाचं पाणी तापवणारं आतलं प्लेट एक्स्चेंजर झिरपतंय.)

आता माझा खरा राग कशावर आहे ते सांगतो. बरेच जण दर आठवड्याला तुळशीला पाणी घालावं तसं फिलिंग लूप उघडून बॉयलर भरतात, काटा १.२ वर आला की खूश. पण प्रत्येक वेळी आत ताजं पाणी जातं, त्यासोबत ऑक्सिजन जातो, रेडिएटर आतून गंजतात, गंज थांबवायला घातलेलं इनहिबिटर पातळ होतं आणि तो काळा गाळ जाऊन बसतो एक्स्चेंजरमध्ये. म्हणजे व्हेसलचं किरकोळ दुखणं अंगावर काढून तुम्ही स्वतःच मोठं दुखणं तयार करता.

बॉयलर बदलायचा कधी? व्हेसलसाठी तर जवळजवळ कधीच नाही. हवा भरली तरी टिकली नाही किंवा हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी आलं म्हणजे पडदा फाटलाय, तर व्हेसल बदलतात, आणि ते बॉयलरच्या मागे अडकलेलं असेल तर बाहेर वेगळं बसवून देतात. सोबत सेफ्टी व्हॉल्व्हही बदलावा लागतो बऱ्याचदा, एकदा उघडला की त्यात कचरा अडकून तो गळतच राहतो. एक्स्चेंजर फुटलं असेल तर आधी वॉरंटी काढून वाचा, वर्षाची सर्व्हिस केलेली असेल तर चालू असू शकते. बॉयलर १२-१५ वर्षांचा आणि वॉरंटी संपलेली, तर त्यात एक्स्चेंजरचे पैसे मी तरी घालणार नाही. भाड्याचं घर असेल तर हा विचारच तुमचा नाही, दुरुस्ती घरमालकाची. आणि बॉयलर उघडणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवरचा (गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांची अधिकृत यादी) हवा, त्याचं कार्ड मागायला लाजू नका.

आमच्याकडे आलेल्या पहिल्या माणसाने काटा बघितला, बॉयलर ११ वर्षांचा आहे हे ऐकलं आणि उभ्या उभ्या नव्याचं कोटेशन दिलं. बाहेरची नळी त्याने बघितलीच नाही. दुसऱ्याने आधी विचारलं, "हीटिंग लावल्यावर काटा किती वर जातो?" मग प्रेशर काढून टाकलं, गाडीतून पायाने मारायचा पंप आणून व्हेसलमध्ये हवा भरली, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, चहा प्यायला आणि गेला. हीटिंग लावलं तर काटा १.२ वरून १.७ ला जाऊन थांबला, बायको बराच वेळ काट्याकडेच बघत उभी होती.