पुढची चाके पुढे, मागची चाके मागे

रिमोटवर चालणारी गाडी घरात दोन प्रकारे येते. तयार गाडी खोक्यातून काढून बॅटरी लावली की धावू लागते आणि बहुतेक वेळा पुढचा वाढदिवस येण्याआधीच माळ्यावर जाते. सुट्या भागांचे किट आणले, तर मात्र पहिले आठ-दहा तास गाडी नसतेच; असतात त्या स्क्रूंच्या पिशव्या, प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले भाग, वंगणाची छोटी नळी आणि बहुतांशी चित्रांतूनच बोलणारी पुस्तिका. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ या मोटारीचे १:१२ प्रमाणातील रेडिओ-नियंत्रित किट बाजारात आणले, आणि घरच्या टेबलावर अशी गाडी जोडण्याचा छंद पसरण्यात त्या मालिकेचा मोठा वाटा आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्हीही एक किट जोडले. गाडी १:१० प्रमाणाची, चारही चाकांना मोटरची ताकद पोहोचवणारी. जोडणारी मुलगी सहावीतली, मुलगा तिसरीतला आणि मी. त्या गाडीने धावून जेवढे शिकवले, त्याहून अधिक पहिल्या दिवशी न धावून शिकवले.

पुस्तिकेत प्रत्येक स्क्रूचे चित्र खऱ्या मापाचे छापलेले होते, त्यामुळे स्क्रू चित्रावर आडवा ठेवून पाहण्याचे काम धाकट्याने आपणहून स्वतःकडे घेतले. हे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत आत जातात. पहिल्या वेळी मनगटाला जोर लागतो तो त्यामुळेच. तोच स्क्रू काढून पुन्हा घालायचा असेल, तर मात्र सरळ पिळू नये. आधी तो हलकेच उलटा फिरवावा. एक बारीकसा ‘टक्’ आवाज येतो, म्हणजे स्क्रूचा आटा जुन्या आट्याच्या तोंडाशी आला; मग सुलटा फिरवावा. असे केले नाही, तर स्क्रू दर वेळी नवा आटा कापतो आणि काही वेळांनी भोक नुसते गुळगुळीत होऊन बसते. तो ‘टक्’ ऐकण्यासाठी मुलाने चक्क सांगाड्याला कान लावला होता.

जोडणीतला सर्वांत रमण्याजोगा भाग म्हणजे डिफरन्शियल. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. शाळेच्या कवायतीत रांग वळताना बाहेरच्या टोकाचा मुलगा ढांगा टाकतो आणि आतल्या टोकाचा जवळपास जागच्या जागी पाय आपटतो, तसेच हे. आमच्या गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांत सुमारे १६ सेंटिमीटर अंतर आहे. तिने एक पूर्ण गोल मारला, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा १६ च्या ६.२८ पट, म्हणजे साधारण एक मीटर जास्त चालते. गंमत अशी, की गोल हॉलमधल्या सतरंजीएवढा असो वा क्रिकेटच्या मैदानाएवढा, हा फरक एक मीटरच राहतो, कारण वजाबाकी करताना गोलाची त्रिज्या हिशेबातून निघूनच जाते. मुलीला हे पटेना; तिने वेगवेगळ्या त्रिज्या घेऊन पाच वेळा गणित केले आणि शेवटी वही मिटली.

बैलगाडीला हा प्रश्न पडत नाही. तिचा आस फिरत नाही, चाके त्यावर सुटी फिरतात, त्यामुळे वळणावर प्रत्येक चाक आपापल्या गतीने जाऊ शकते. पण बैलगाडी बैल पुढून ओढतात. मोटारीत ताकद चाकांमधूनच जमिनीला द्यायची असते. म्हणून चाके सुटी ठेवून भागत नाही, आणि दोन्ही चाके एका आसाला घट्ट बांधली तर वळणावर एकाला घसटत जावे लागते. डिफरन्शियल हा या पेचातून काढलेला मार्ग आहे. एका छोट्या डबीत शंकूच्या आकाराचे पाच गिअर असतात: दोन मोठे, डाव्या आणि उजव्या चाकाला जोडलेले, आणि त्यांच्यामध्ये अडकलेले तीन छोटे. मोटर चाके फिरवत नाही, ती ही डबी फिरवते. चाके त्या फेऱ्या आपसांत वाटून घेतात, आणि वाटणीचा नियम एवढाच, की दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची बेरीज डबीच्या फेऱ्यांच्या दुप्पट भरली पाहिजे. डबी हाताने घट्ट धरून डावे चाक पुढे फिरवले, तर उजवे तितकेच मागे फिरते, कारण बेरीज शून्य राहायला हवी. उलट एक चाक धरून ठेवले आणि डबी फिरवली, तर दुसरे दुप्पट वेगाने फिरते. चिखलात अडकलेल्या एसटीचे एक चाक गरगरत असते आणि दुसरे ढिम्म उभे असते, ते याच नियमाने. हे वाचून समजायला मला कॉलेजात एक आठवडा लागला होता. हातात डबी असल्यावर तिसरीतल्या मुलाला पाच मिनिटे पुरली.

अशा दोन डब्या गाडीत बसतात, एक पुढे आणि एक मागे. त्यांच्यामधून गाडीच्या लांबीच्या दिशेने एक दांडा जातो. त्याच्या दोन्ही टोकांना छोटे दातेरी शंकू असतात आणि ते डबीच्या एका बाजूला असलेल्या मोठ्या दातेरी कड्यात गुंततात. मुलाने पुढची डबी चित्राप्रमाणे, कडे डाव्या बाजूला ठेवून बसवली. मागची बसवताना त्याने चित्र पाहिलेच नाही. पुढे जशी बसवली तशीच मागेही बसवली. मीही झाकण लावून स्क्रू पिळले. संध्याकाळी बॅटरी जोडून गाडी फरशीवर ठेवली आणि मुलीने रिमोटचा घोडा दाबला, तेव्हा गाडी गुणगुणली, जागीच थरथरली आणि मोटर तापू लागली. उचलून धरल्यावर उलगडा झाला: पुढची चाके पुढे फिरत होती, मागची मागे.

असे का व्हावे, हे समजून घ्यायला स्वयंपाकघरातले लाटणे पुरले. लाटणे आडवे धरून एकाच दिशेने फिरवत राहा आणि कोणाला तरी उजव्या टोकाकडून, कोणाला डाव्या टोकाकडून पाहायला सांगा. एकाला ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरताना दिसेल, दुसऱ्याला उलट दिशेने. आणि खरे दोघेही सांगत असतात. गाडीतला दांडा हे असेच लाटणे आहे. पुढच्या डबीला तो मागून भेटतो, मागच्या डबीला पुढून. दोन्ही कडी डाव्या बाजूला असतील, तर दांड्याचे दाते दोन्ही ठिकाणी कड्याला वरच उचलतात. परंतु पुढच्या कड्याची मागची कड वर गेली की चाक पुढे जाते, आणि मागच्या कड्याची पुढची कड वर गेली की चाक मागे येते. म्हणून मागचे कडे उजवीकडे हवे. सोळा स्क्रू काढावे लागले, प्रत्येक परत घालताना ‘टक्’ ऐकावे लागले, आणि डबी उलटवून बसवली.

रेडिओचा भाग त्यामानाने लवकर आटोपला, कारण तो बंद डब्यांत येतो. तरी पाहण्यासारखे बरेच आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे रेडिओ लहरींनी चालणारी छोटी नाव दाखवली, त्याच वर्षी त्यांना तिचे पेटंट मिळाले, आणि हा सारा प्रकार तिथून सुरू झाला. माझ्या पिढीच्या रिमोट गाड्या बहुधा २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालत. त्या लहरींची लांबी सुमारे ११ मीटर, त्यामुळे रिमोटवर लांबलचक ओढायची अँटेना असे, आणि शेजारच्या मुलाकडे तीच वारंवारता असली की त्याच्या रिमोटवर आपली गाडी भिंतीवर आदळे. आजची किटे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तिथे लहर साडेबारा सेंटिमीटरची, आणि तिचा चौथा हिस्सा सुमारे ३१ मिलिमीटर. आमच्या रिसीव्हरच्या वायरीच्या टोकाला उघडा ठेवलेला भाग मुलीने पट्टीने मोजला, तो ३१ मिलिमीटरच भरला. शिवाय रिमोट आणि रिसीव्हर सुरुवातीलाच एकमेकांची ओळख ठरवून घेतात, आणि बऱ्याच संचांत दोघे मिळून सतत वारंवारता बदलत राहतात. अशा उड्या मारणाऱ्या वारंवारतेचे एक पेटंट अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ साली मिळवले होते, पाणतीरांचे नियंत्रण शत्रूला बिघडवता येऊ नये म्हणून. आजचे रिमोट थेट तिथून आले असे म्हणणे ताणल्यासारखे होईल, पण कल्पना तीच आहे.

पुढची चाके वळवणाऱ्या सर्व्होला रिसीव्हर सेकंदाला साधारण ५० ठोके पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर चाके सरळ, एकाकडे किंवा दोनाकडे झुकला तर एका किंवा दुसऱ्या बाजूला. सर्व्होच्या पोटात आपण कुठे वळलो आहोत हे मोजणारा भाग असतो. हवे ते स्थान आणि असलेले स्थान यांतला फरक मिटेपर्यंत त्याची छोटी मोटर फिरत राहते. म्हणूनच त्याचा हात बसवण्याआधी वीज जोडून त्याला मधोमध आणणे अत्यावश्यक आहे.

आता वेग. अशा गाडीतली साधी ५४० आकाराची मोटर भार नसताना मिनिटाला १५,००० च्या आसपास फेरे घेते. गाडी ओढताना ते कमी होतात, म्हणून आम्ही १३,००० धरले. मोटरवरचा गिअर २२ दात्यांचा, त्याच्यापुढचा ७० दात्यांचा, आणि दांड्यापासून डबीपर्यंत आणखी २.६ पट घट. गुणाकार केला की मोटरच्या ८.२७ फेऱ्यांना चाकाची एक फेरी येते. टायरचा परीघ २० सेंटिमीटर. म्हणजे मिनिटाला सुमारे ३१४ मीटर, ताशी १९ किलोमीटर.

खोक्यांवर कधी कधी हा वेग दहाने गुणून ‘प्रमाणानुसार ताशी १९० किलोमीटर’ असा मिरवला जातो. हा दावा मला पटत नाही, कारण लांबी दहा पट लहान केली म्हणून गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. एक मीटर उंचीवरून मोटार पडली तर तिला जमिनीवर यायला ०.४५ सेकंद लागतात. आमच्या गाडीला दहा सेंटिमीटरवरून ०.१४. फरक दहा पटींचा नाही, दहाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे ३.२ पटींचा आहे. छोटी गाडी फळकुटावरून उडी मारते तेव्हा ती खेळण्यासारखी टुणकन पडते याचे कारण हेच. तेच चित्रण तीन-चार पट संथ करून पाहिले, तर ती एकाएकी जड आणि खरी वाटू लागते. याच्या उलट एक फायदाही तिच्या पदरात पडतो. सगळी मापे दहावा हिस्सा केली की भागांचे छेदक्षेत्र, म्हणजे ते आडवे कापल्यावर दिसणाऱ्या तोंडाचे क्षेत्रफळ, ज्यावर त्यांची मजबुती ठरते, शंभरावा हिस्सा होते, पण वजन हजारावा हिस्सा. गॅलिलिओने १६३८ साली मांडलेला हा हिशेब आहे. भिंतीवर आपटूनही गाडी शाबूत राहते, त्यात प्लॅस्टिकच्या लवचिकतेबरोबर या हिशेबाचाही हात आहे.

बाकी काम फारसे सांगण्यासारखे नाही. पारदर्शक टप, म्हणजे गाडीचे वरचे कवच, आतून रंगवायचा असतो, म्हणून बारीक पट्टे आधी आणि मुख्य रंग शेवटी. लिथियमची बॅटरी असेल तर ती चार्ज होत असताना मोठ्या माणसाने तिथून हलू नये.

रविवारी सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये टेपने २० मीटर मोजून दोन्ही टोकांना खडूची रेघ मारली. मुलगी गाडी लांबून वेगात आणत असे, मुलगा मोबाइलवर वेळ घेत असे. तीन फेऱ्यांची सरासरी ४.४ सेकंद आली, म्हणजे ताशी १६ किलोमीटरच्या थोडे वर. गणितातले १९ कुठे गेले यावर दोघांचे भांडण झाले. मुलीच्या मते १३,००० हा आकडाच आईने मनाने धरला होता, आणि ते खरे आहे. मुलाचे म्हणणे, घड्याळ दाबायला त्याला थोडा उशीर झाला असेल. पण तो सुरुवातीलाही उशीर करत होता आणि शेवटीही, तेव्हा तो कोणत्या बाजूला मोजायचा, यावर तो घरी येईपर्यंत विचार करत होता.