लिव्हरपूल रोड रेल्वे गोदाम, मँचेस्टर

इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या कॅसलफिल्ड भागात असलेलं लिव्हरपूल अँड मँचेस्टर रेल्वेचं मालगोदाम, बांधकाम १८३०. बोलताना सगळे '१८३० वेअरहाऊस' असंच म्हणतात. ग्रेड वन म्हणजे सर्वात वरच्या दर्जाची वारसा वास्तू आहे आणि सध्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियमच्या आवारात येते. समोर त्याच वर्षीचं पॅसेंजर स्टेशन आहे, ते जगातलं सर्वात जुनं टिकून राहिलेलं टर्मिनस धरतात त्यामुळे पुस्तकांत सगळा मान त्यालाच, पण बांधकामाचा विचार केला तर शिकण्यासारखं गोदामातच जास्त आहे.

याला सरसकट 'जगातलं पहिलं रेल्वे गोदाम' म्हणतात, तिथे थोडं जपून. स्टॉकटन अँड डार्लिंग्टन रेल्वे १८२५ ला सुरू झाली आणि डार्लिंग्टनला १८२६-२७ च्या सुमारास तिचं मालाचं एक गोदाम उभं राहिलं होतं, पुढे त्याचाच काही भाग प्रवाशांसाठी वापरला गेला आणि १८६० च्या दशकात ते पाडलं. तेव्हा 'टिकून राहिलेल्यांपैकी सर्वात जुनं' एवढंच म्हटलेलं बरं, आणि तेही काही कमी नाही.

आराखडा कोणाचा यावर खरी चर्चा आहे. जुन्या लिखाणात नाव जॉर्ज स्टीफनसनचं येतं, कारण तो कंपनीचा इंजिनिअर, मग लाइनवरचं जे काही उभं राहिलं ते त्याच्याच खात्यावर टाकायचं अशी पद्धतच होती. नंतरच्या अभ्यासकांचा कल लिव्हरपूलच्या थॉमस हेग या आर्किटेक्टकडे आहे. त्यांचं एक म्हणणं असं की ग्लॉस्टरच्या गोदीतलं नॉर्थ वेअरहाऊस (१८२६-२७) लिव्हरपूलच्याच, त्याच आडनावाच्या बार्टिन हेगचं काम, आणि दोन्ही इमारतींची धाटणी बरीच मिळतीजुळती. धाटणीवरून कर्ता ठरवणं हा तसा कच्चा पुरावा, कारण त्या काळातली गोदी आणि कालव्यावरची गोदामं एकमेकांसारखीच असायची, तरी स्टीफनसनपेक्षा हेगची बाजू जड वाटते, रूळ-पूल-बोगद्यांच्या धावपळीत स्टीफनसनने बसून गोदामाच्या खिडक्या आखल्या असतील हे पटत नाही. ठेकेदाराबद्दल मात्र वाद नाही, मँचेस्टरच्या डेव्हिड बेलहाऊस ज्युनिअरने काम घेतलं, वसंतात सुरू केलं आणि सप्टेंबरच्या उद्घाटनापर्यंत म्हणजे जेमतेम पाच महिन्यांत उभं केलं. बेलहाऊस घराण्याचा लाकडाचाही धंदा होता, घाईच्या कामात त्याचा फायदा झालाच असणार.

रचना समजून घ्यायची तर आधी लेव्हल बघावी लागते. लाइन पश्चिमेकडून येताना अरवेल नदी दगडी पुलावरून ओलांडते आणि लगेच वॉटर स्ट्रीट रस्त्यावरून जाते, म्हणजे स्टेशनात शिरताना रूळ रस्त्यापेक्षा एक मजला वर. गोदाम या फरकावरच बेतलंय, रुळांच्या बाजूने बघितलं तर दुमजली आणि मागच्या अंगणातून बघितलं तर तिमजली. वाघिणी मधल्या मजल्यावर, खाली घोडागाड्या. मुख्य लाइनवरून एकेक वाघीण छोट्या टर्नटेबलवर (रुळाचा फिरता तुकडा) काटकोनात वळवायची आणि मोठ्या दारातून सरळ इमारतीच्या आत ढकलायची, तिथे माल उतरवून वर साठवायचा किंवा खाली गाडीत सोडायचा. पाऊस लागायचा प्रश्नच नाही, मँचेस्टरमध्ये याला महत्त्व आहे.

ही युक्ती रेल्वेवाल्यांनी नव्याने शोधलेली नाही. जवळच ब्रिजवॉटर कालव्याच्या काठी अशी गोदामं होती ज्यांच्या भिंतीत कमानी ठेवून बोटी आतच घ्यायचे आणि वरून साखळीने माल उचलायचे. इथे बोटीच्या जागी वाघीण आली इतकंच.

बांधकाम विटांचं, इमारतीला रुळांच्या ओघाने हलका बाक आहे, तो नकाशात चटकन कळतो आणि उभं राहून बघताना सहसा लक्षात येत नाही. आत लाकडी खांब, लाकडी तुळया, लाकडी जमिनी, फक्त सगळ्यात खालच्या मजल्यावर जिथे भार जास्त तिथे बिडाचे खांब. म्हणजे आतला सांगाडा लाकडाऐवजी बिडाचा आणि विटांचा असलेल्या त्या काळच्या 'फायरप्रूफ' गिरण्यांसारखं हे नाही. आगीवर उपाय म्हणून मधे विटांच्या आडव्या भिंती घालून इमारतीचे कप्पे केलेत, एक पेटला तरी बाकीचे वाचावेत म्हणून. माल उचलायला सुरुवातीला हाताने चालणारे हॉइस्ट होते, लवकरच (बहुधा १८३१) वाफेचं इंजिन आलं.

१५ सप्टेंबर १८३० ला रेल्वेचं उद्घाटन झालं तेव्हा माल यायचाच होता, त्यामुळे पाहुण्यांच्या जेवणाची टेबलं गोदामातच मांडली होती. त्या दिवशी वाटेतल्या पार्कसाइडला खासदार विल्यम हस्किसन इंजिनाखाली सापडले, आणि मँचेस्टरमधली चिडलेली गर्दी बघून पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन डब्यातून खाली उतरलेच नाहीत. पहिली मोठी मालगाडी ४ डिसेंबरला लिव्हरपूलहून आली, 'प्लॅनेट' इंजिनामागे अमेरिकन कापसाच्या १३५ गाठी, पिठाची २०० पिंपं, शिवाय ओटच्या पिठाची ६३ आणि माल्टची ३४ पोती. कापूस इतका वाढला की समोर वेगळी कापूस-गोदामं बांधावी लागली, ती १८६६ च्या आगीत गेली असं दिसतं.

प्रवासी वाहतूक ४ मे १८४४ ला इथून हलली, नवीन स्टेशन व्हिक्टोरिया. नंतर सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं लिव्हरपूल रोड हा निव्वळ मालधक्का होता, मालक तेवढे बदलत गेले, १८४६ पासून लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे, १९२३ ला एलएमएस (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वे), १९४८ ला ब्रिटिश रेल्वे. एका अर्थी दुर्लक्षामुळेच जुनं बांधकाम टिकलं, पाडून नवीन बांधायची कोणाला गरजच पडली नाही. १९७५ ला मालधक्काही बंद झाला, १९७८ ला ग्रेटर मँचेस्टर कौन्सिलने स्टेशन एक पाउंडात घेतलं आणि १५ सप्टेंबर १९८३ ला तिथे म्युझियम उघडलं. गोदामाची मोठी दुरुस्ती त्यानंतरची.

डिसेंबर २०१७ ला सुरू झालेल्या ऑर्डसॉल कॉर्ड या जोडलाइनमुळे म्युझियमच्या आवारातल्या रुळांचा मुख्य लाइनशी असलेला संबंध तुटला. वारसावाद्यांनी कोर्टात विरोध केला होता, तो टिकला नाही. स्टीफनसनचा अरवेलवरचा दगडी पूल मात्र त्या कामात आजूबाजूची नंतरची बांधकामं काढून मोकळा केला, त्यामुळे आता तो नदीकडून नीट दिसतो.