ग्राफिटीला कलेचा दर्जा आणि न्यूयॉर्कमधील एक निकाल : पार्श्वभूमी

पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या भिंतींवरही नावे, शिव्या आणि प्रेमाचे निरोप कोरलेले आढळतात. परंतु जिला कला मानावे की नाही असा वाद गेली पन्नास वर्षे चालू आहे, ती ग्राफिटी, म्हणजे सार्वजनिक भिंतींवर आणि रेल्वेडब्यांवर रंगवलेली नावे, अक्षरे व चित्रे, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियात आणि पाठोपाठ न्यूयॉर्कमध्ये उदयाला आली. आपले टोपणनाव आणि रस्त्याचा क्रमांक शहरभर लिहीत फिरणाऱ्या एका तरुण निरोप्यावर न्यूयॉर्कमधील एका दैनिकाने १९७१ मध्ये वृत्तांत छापला आणि पुढच्याच वर्षी शहराने ग्राफिटीविरोधी कायदा केला. १९७३ मध्ये त्याच शहरात रायटरांच्या (ग्राफिटी करणारे स्वतःला ‘रायटर’ म्हणवतात) एका गटाचे काम कॅनव्हासवर उतरून गॅलरीत लागले, आणि १९८३ मध्ये रॉटरडॅमच्या एका कलासंग्रहालयाने ग्राफिटीचे प्रदर्शन भरवले. गॅलरीत विकली जाणारी अक्षरे रेल्वेच्या डब्यावर मात्र गुन्हाच ठरत होती. मे १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने आपले सर्व डबे स्वच्छ झाल्याचे जाहीर केले.

पुढच्या दोन दशकांत स्टेन्सिल, चिकटवलेले कागद आणि मोठी म्युरल्स यांमुळे ‘स्ट्रीट आर्ट’ हे अधिक सभ्य वाटणारे नाव रूढ झाले. २००८ मध्ये लंडनच्या एका प्रमुख संग्रहालयाने नदीकडील बाहेरच्या भिंतीच या कलेसाठी खुल्या केल्या. तथापि, संग्रहालयांनी दिलेल्या या मानाने भिंतीवरील मूळ चित्राला कोणतेही संरक्षण मिळाले नव्हते. तो प्रश्न ‘फाइव्ह पॉइंट्झ’ प्रकरणात निर्णायकपणे पुढे आला, आणि म्हणून त्याचा तपशील पाहणे आवश्यक आहे.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ‘फाइव्ह पॉइंट्झ’ नावाच्या गोदामांच्या संकुलावर मालकाच्या संमतीने अनेक वर्षे चित्रे रंगवली जात होती. कोणत्या भिंतीवर कोणी रंगवावे, कोणते चित्र किती काळ राहावे, हे २००२ पासून एक चित्रकारच क्युरेटर म्हणून ठरवत असे, आणि जगभरातील रायटर येथे जागा मिळावी म्हणून येत. जागेवर निवासी इमारती बांधण्याची योजना पुढे आल्यावर चित्रकारांनी न्यायालयात धाव घेतली. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यायाधीशांनी पाडकामाला तात्पुरती मनाई करण्यास नकार दिला. मात्र त्यांचे सविस्तर कारणपत्र येण्याआधीच मालकाने एका रात्रीत भिंतींवर पांढरा रंग फासला. पाडकाम २०१४ मध्ये सुरू झाले. इतक्या वर्षांचे काम चित्रकारांना छायाचित्रे घेण्याचीही संधी न देता पुसले गेले, ही बाब या प्रकरणात सर्वांत वेदनादायक आहे.

अमेरिकेच्या दृश्यकलाकारांच्या हक्कांविषयीच्या १९९० च्या कायद्यानुसार ‘मान्य प्रतिष्ठा’ लाभलेली कलाकृती नष्ट करण्यास मनाई आहे, परंतु ही प्रतिष्ठा म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात नाही. प्रतिष्ठा कोणाच्या नजरेतली, समीक्षकांच्या, बाजाराच्या की भिंतीखालून जाणाऱ्यांच्या, आणि जे चित्र उद्या दुसरे चित्र झाकणार हे चित्रकारालाच ठाऊक असते, त्याला प्रतिष्ठा लाभू शकते का, असे प्रश्न त्यातून निर्माण झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायाधीशांनी ४९ पैकी ४५ चित्रांना ही प्रतिष्ठा असल्याचे मान्य केले आणि प्रत्येकी दीड लाख डॉलर, म्हणजे कायद्याने देता येणारी कमाल रक्कम, याप्रमाणे २१ चित्रकारांना ६७.५ लाख डॉलर भरपाई दिली. मालकाने परवाने मिळेपर्यंत थांबून नंतर इमारती पाडल्या असत्या, तर कृत्य हेतुपुरस्सर ठरले नसते, असेही त्यांनी नमूद केले.

फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालयाने हा निकाल कायम ठेवला. चित्र अल्पायुषी असले तरी त्याला प्रतिष्ठा लाभू शकते, असे त्याने स्पष्ट केले आणि त्यासाठी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये काही दिवसांपुरत्या उभारलेल्या भगव्या कमानींचा दाखला दिला. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे क्युरेटरने केलेली निवड हीच गुणवत्तेचा पुरावा म्हणून ग्राह्य धरली गेली. अक्षरांची गुंफण, रेषेवरील ताबा आणि कॅपची (रंगाच्या स्प्रे डब्याच्या तोंडावरील टोपीची) निवड यांची पारख ज्यांना आहे, त्यांच्याच वर्तुळातील निर्णयाला न्यायालयात वजन मिळाले. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाची याचिका ऐकण्यास नकार दिला.

या निकालाची मर्यादा मात्र संमतीपाशीच आहे. परवानगीविना दुसऱ्याच्या मालमत्तेवर उभारलेल्या कलाकृतीला हा कायदा लागू होत नाही, असे न्यूयॉर्कच्याच एका न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले होते. ब्राझीलनेही २०११ च्या दुरुस्तीत मालकाच्या संमतीने केलेली ग्राफिटी गुन्ह्यातून वगळली, परंतु ‘पिशासाव’ या उंच, टोकदार अक्षरलेखनाला ती सवलत दिली नाही. ज्या टॅगपासून, म्हणजे भिंतीवर लिहिलेल्या टोपणनावापासून, ही कला जन्मली, तोच अशा प्रकारे मान्यतेच्या बाहेर राहिला आहे, आणि हा भेद कलामूल्यावर नव्हे, तर मालकीवर आधारलेला आहे.

उलट बाजूने, मान्यता नाकारणारे चित्रकारही आहेत. भिंतींवरून काढलेली चित्रे एका प्रदर्शनात मांडली जाणार असल्याच्या निषेधार्थ मार्च २०१६ मध्ये इटलीतील बोलोन्या शहरातील एका चित्रकाराने त्या शहरातील आपली सर्व म्युरल्स स्वतःच राखाडी रंगाने झाकली. अमेरिकेत आता वेगळाच परिणाम जाणवतो. १९९० च्या कायद्यात कलाकाराला लेखी संमतीने हे हक्क सोडता येतात, त्यामुळे भिंत देण्यापूर्वी चित्रकाराकडून तसे लिहून घ्यावे, असा सल्ला वकील इमारतमालकांना देत आहेत.