टोटल पीएसए आणि फ्री पीएसए: एक वाढला की काळजी, दुसऱ्याचा वाटा घटला की

साठीतल्या पुरुषाच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये कधीकधी प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरचा अंदाज देणाऱ्या दोन ओळी एकाखाली एक येतात, टोटल पीएसए आणि फ्री पीएसए. घरचे दोन्ही आकडे एकाच नजरेने वाचतात. जास्त आला की धसका, कमी आला की हायसं. टोटलला हे ढोबळमानाने लागू पडतं, फ्रीचं गणित मात्र उलटं आहे. या गल्लतीमुळे ज्याने लगेच युरॉलॉजिस्टकडे जायला हवं, तोच निवांत राहू शकतो, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम. थोडं रक्तातही उतरतं. तिथे त्यातलं बरंचसं दुसऱ्या प्रथिनांना चिकटतं आणि उरलेलं मोकळं फिरतं. दोन्ही मिळून टोटल, नुसतं मोकळं ते फ्री. कॅन्सर असेल तर मोकळ्याचा वाटा सहसा कमी भरतो. वयोमानाने ग्रंथी नुसतीच वाढली असेल तर तो जास्त असतो.

म्हणून फ्रीचा आकडा एकटा वाचायचाच नाही, टोटलशी त्याची टक्केवारी काढायची. समजा दोघांचाही टोटल ६ नॅनोग्रॅम (दर मिलिलिटर रक्तामागे) आहे. एकाचा फ्री ०.५, म्हणजे साधारण ८ टक्के. दुसऱ्याचा १.६, म्हणजे जवळपास २७ टक्के. काळजी पहिल्याची जास्त. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, टोटल ४ ते १० नॅनोग्रॅम आणि गुदमार्गातून बोटाने केलेली प्रोस्टेटची तपासणी संशयास्पद नसलेल्या पुरुषांमध्ये, ही टक्केवारी १० पर्यंत होती तिथे निम्म्याहून अधिक जणांत कॅन्सर निघाला. २५ च्या वर होती तिथे ८ टक्क्यांत. धोका कमी झाला, शून्य झाला नाही.

हे गणित मुख्यतः त्या ४ ते १० च्या पट्ट्यापुरतंच. टोटल बराच वर असेल तर फ्री चांगला आला म्हणून पुढच्या तपासण्या टाळू नयेत. आणि ४ च्या खाली असणं म्हणजेही अभय नव्हे: २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ४ किंवा त्याहून कमी पीएसए असलेल्यांच्या बायोप्सी केल्या, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासले, तेव्हा सुमारे १५ टक्क्यांत कॅन्सर सापडला. उलट लघवीचा जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली लघवीची नळी किंवा आदल्या एक-दोन दिवसांतलं वीर्यस्खलन यांनी टोटल कॅन्सर नसतानाही वाढतो. संसर्ग असेल तर तो बरा होऊन काही आठवडे गेल्यावरच तपासणी पुन्हा करावी.

फ्री पीएसए नाजूकही असतो. रक्त घेतल्यावर सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) वेळेत वेगळं करून थंड ठेवलं नाही, तर मोकळा भाग टोटलपेक्षा लवकर घटतो आणि टक्केवारी खोटी कमी दिसते. दोन्ही तपासण्या एकाच नमुन्यावर, एकाच लॅबमध्ये झालेल्या बऱ्या.

लघवीच्या त्रासासाठी फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही महिन्यांनी या गोळ्यांनी टोटल साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे रिपोर्टवरचा ३ हा खरा ६ असू शकतो. फ्रीसुद्धा बरोबरीने उतरतो, त्यामुळे टक्केवारी फारशी हलत नाही. कॅन्सर आहे की नाही हे ठरतं बायोप्सीवरच. ती करायची का, हे आता बऱ्याचदा आधी एमआरआय पाहून ठरवतात.